चितारआळीतला गंजिफा

सावंतवाडीची चितारआळी कोकणात कोणाला ठाऊक नाही? लाकडी खेळण्यांच्या दुकानांची ही गल्ली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे आंबे, केळी, सीताफळे. आणि भातुकलीची चूल, जाते, पोळपाट-लाटणे. आमच्या लहानपणी कोकणातल्या मुसलमान घरांतही ही भातुकली येत असे. बाहुलीच्या निकाहाची दावत त्याच इवल्याशा भांड्यांत शिजायची. ती रंगवणाऱ्या चितारी मंडळींच्या हातून आणखी एक चिमुकली वस्तू उतरली, ती म्हणजे गंजिफा. तिच्याकडे मात्र आमचे लक्ष फार उशिरा गेले.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. जुनी रीत अशी : कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, मग बारीक कुंचल्याने चित्र काढून वर लाखेचा हात फिरवायचा. पत्ता तळहातात मावतो, पण त्यावर राजा, घोडा, छत्र, सारा दरबार बसवलेला असतो.

हा खेळ इराणी संस्कृतीतून मोगलांबरोबर इकडे रुजला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या दरबारातल्या गंजिफाचे वर्णन अबुल फजलने ऐने अकबरीत केले आहे. पुढे रूढ झालेल्या मोगल गंजिफात आठ रंग आणि ९६ पत्ते असतात. रंगांची नावे ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. यातली बरात म्हणजे पैसे देण्याचा हुकूमनामा. पेशवाईच्या कागदांत जी ‘वरात’ भेटते, ती हीच.

दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पत्ते झाले. मीराच्या जागी मत्स्य, कूर्म, राम, कृष्ण आले. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, हा वेगळाच खेळ आहे. पण नियम पाहा. मोगल गंजिफात चार रंगांत दहाचा पत्ता भारी, तर उरलेल्या चारांत एकाचा. दशावतारीतही निम्म्या रंगांत सुलटा क्रम आणि निम्म्यांत उलटा. मोगल गंजिफात दिवसा खेळ सुर्खच्या, म्हणजे सोन्याच्या नाण्याच्या मीरापासून सुरू होतो, रात्री सफेदच्या, म्हणजे चांदीच्या नाण्याच्या. दशावतारीत दिवसा रामाचा मान, रात्री कृष्णाचा. चित्रे बदलली, हिशोब तोच राहिला. संमिश्र संस्कृतीवर आपण व्यासपीठांवरून पुष्कळ बोलतो. ती प्रत्यक्षात कशी घडते, हे या पत्त्यांत दिसते. कोणी कोणाला उपदेश केला नाही. खेळ आवडला, तो घेतला आणि आपलासा केला.

या कलेला दुकानही पहिल्यापासून होते. श्रीमंतांसाठी हस्तिदंताचा किंवा सोनेरी वर्खाचा ‘दरबारी कलम’ असे, तर सामान्यांसाठी साधा, स्वस्त ‘बझार कलम’. नावे दरबाराची झाली, पण खेळ गावोगाव पोचवला तो बझार कलमाने. एकोणिसाव्या शतकापासून छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि नेमका हाच बाजार बसला. छापील पत्त्यांतही मराठी माणसाने बादशहा आणि गुलाम हे शब्द ठेवले, पण कुंचला खाली ठेवावा लागला.

सावंतवाडीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ संपली होती. ती जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. संस्थानिक शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, नव्या मुलामुलींना शिकवली आणि राजवाड्यातच कारखाना व विक्री सुरू केली. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या, तरी राजवाड्यातले रंगकाम थांबले नाही.

याबद्दल त्या घराण्याचे ऋण मानायलाच हवे. पण एक खंत उरते. आम्ही तिथे गेलो तेव्हा गिऱ्हाइके येत होती, पत्ते न्याहाळत होती, कौतुक करत होती. बहुतेकांना ते भिंतीवर लावायचे होते. खेळायचा कसा, हे विचारणारा त्या दिवशी आमच्याखेरीज कोणी दिसला नाही. चितारीला दोष देता येत नाही. एकेक पत्ता हाताने रंगवायचा तर दिवसच्या दिवस जातात, त्याचे मोल मिळाले नाही तर घर कसे चालेल? शोभेच्या खपावर चूल पेटते, हे खरे. पण दुकान हात वाचवू शकते, खेळ वाचवू शकत नाही. खेळाला घर लागते, चटई लागते, चार माणसांची फुरसत लागते.

भातुकली अजून जिवंत आहे ती याचमुळे, की मुले तिच्याशी खेळतात. गंजिफाचेही तसेच व्हावे. सावंतवाडीला जाल तेव्हा एक डाव जरूर घ्या, परवडेल तो साधा घ्या. पण चौकटीत बसवू नका. मुलांना ताज आणि शमशेर शिकवा, मत्स्य आणि कूर्मही शिकवा. दिवसा सूर्याचा मान आणि रात्री चंद्राचा, एवढे त्यांना कळले तरी आमच्या पूर्वजांची बैठक पुन्हा मांडली, असे आम्ही समजू.