कोणत्या शाखेला किती जागा? यवतमाळची गोष्ट

१/ भावी मनुष्यबळाच्या अंदाजावरून उच्च शिक्षणातील प्रवेशसंख्या आखावी, हा विचार कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडला.

२/ १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि यवतमाळ नागपूर विद्यापीठाकडून तिकडे गेले. पुढल्याच वर्षी दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीशी तुलना करून जिल्ह्यांचा अनुशेष मोजला. त्यात तंत्रशिक्षणही होते.

३/ २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार नवे महाविद्यालय पंचवार्षिक बृहत् आराखड्याशी सुसंगत असावे लागते.

४/ मात्र आराखड्याचे गणित केवळ मागील प्रवेशांवर बेतले, तर जिथे विज्ञान शाखाच नव्हती, तिथे मागणीही शून्यच दिसेल. त्या शून्यामागचा इतिहास अनुशेषाच्या नोंदींत सापडतो. आकडे वाचताना तोही वाचावा.