शिकणारें सुकाणूं



सार्वजनिक सभेंत किंवा गणेशोत्सवाच्या मंडपांत ध्वनिक्षेपकाची व्यवस्था पाहणारा मनुष्य आपण सर्वांनीं पाहिला आहे. वक्त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोंचावा म्हणून तो कळ हळूहळू फिरवीत जातो. एका क्षणीं कर्ण्यांतून कर्कश शीळ निघते, सभा कानांवर हात ठेवते, आणि तो घाईघाईनें कळ किंचित् मागें घेतो. त्या मंडपाचें गणित त्याला कोणीं शिकविलेलें नसतें. माणसें किती जमलीं, कनाती किती आहेत, कर्णे कोठें टांगले आहेत, यांचा हिशेब त्यानें मांडलेला नसतो. शीळ हीच त्याची मोजपट्टी. हीच युक्ति एकदां एका विमानाला शिकविण्यांत आली होती. तिनें त्या विमानाकडून कोणते पराक्रम करविले आणि ऐन संकटाच्या वेळीं ती कशी लुळी पडली, ही हकीकत आज सांगण्याचें मीं योजिलें आहे.

यंत्रानें यंत्रावर पहारा करावा ही कल्पना नवी नव्हे. जेम्स वॅटच्या वाफेच्या एंजिनावर १७८८ पासून दोन फिरते गोळे बसूं लागले. एंजिनाचा वेग वाढला कीं ते गोळे दूर फांकत आणि वाफेची झडप मिटूं लागे. वेग मंदावला कीं ती पुन्हा उघडे. कधीं कधीं हा पहारेकरीच डोलूं लागून एंजिनाला हिसके देई. तें कां, याचें गणित १८६८ मध्यें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें मांडलें. पुढें १९२२ मध्यें निकोलस मिनॉर्स्की या मूळच्या रशियन विद्वानानें जहाजाच्या सुकाणूंविषयीं विचार करतांना अनुभवी सुकाण्याची रीत ध्यानांत घेतली. चांगला सुकाणी, जहाज वाटेवरून किती ढळलें एवढेंच पाहत नाहीं. तें किती वेगानें ढळत आहे आणि मघापासून किती काळ ढळलेलेंच राहिलें आहे, हेंही तो मनांत धरतो. या तीन गोष्टींचा हिशेब ठेवणारे नियंत्रक आजही कारखान्याकारखान्यांतून काम करीत आहेत.

परंतु या सर्वांत एक उणीव होती. कोणत्या चुकीला किती जोरानें उत्तर द्यावयाचें, तें प्रमाण एकदां ठरवून दिलें म्हणजे कायम राही. या प्रमाणाला आपण गुणक म्हणूं. माहितीच्या घोड्याला हें ठीक आहे. टांग्याला नवा घोडा जुंपला म्हणजे मात्र शहाणा टांगेवाला पहिला अर्धा मैल लगाम जरा आंवळून, जरा सैल सोडून त्याची प्रकृति पाहतो. नव्या वर्गावर गेलों कीं पहिले आठ दिवस मीही दुसरें कांहीं करीत नसें. पण माझा वर्ग तासातासाला बदलत नसे. क्षणाक्षणाला ज्याची प्रकृति पालटते असा घोडा कोणाला मिळाला तर त्यानें काय करावें?

असा घोडा अमेरिकेंत १९५९ मध्यें उडूं लागला. त्याचें नांव एक्स-१५. तें अग्निबाणाच्या शक्तीनें चालणारें विमान होतें. मोठ्या बी-५२ विमानाच्या पंखाखालीं टांगून त्याला सुमारें ४५ हजार फुटांवर नेत आणि तेथून सोडून देत. मग तें स्वतःच्या बळावर वर झेपावे, हवा जवळजवळ संपते तेथपर्यंत जाई, आणि कांहीं मिनिटांत पुन्हा दाट हवेंत शिरे. आतां गुणकाची अडचण पाहा. विरळ हवेंत शेपटीचें पातें बरेंच फिरविलें तरी विमान दाद देत नाहीं. दाट हवेंत तेवढेंच फिरविलें तर विमानाचे तुकडे होतील. तेव्हां एकच गुणक चालावयाचा नाहीं, आणि प्रत्येक उंचीचें व प्रत्येक वेगाचें कोष्टक आधीं करावें, तर त्या वेगानें पूर्वीं कोणी उडालेलें नसल्यामुळें त्या कोष्टकावर भरंवसा तरी किती ठेवावा?

तीन एक्स-१५ विमानांपैकीं तिसऱ्यावर हनीवेल कंपनीचा एम्. एच्. ९६ नांवाचा नियंत्रक बसविला होता. त्याची युक्ति मंडपांतल्या मनुष्याचीच. तो गुणक वाढवीत वाढवीत जाई. गुणक फार झाला कीं विमानाच्या पात्यांत बारीक थरथर उत्पन्न होई, जशी नवशिक्याच्या हातांत सायकलची मूठ थरथरते. ती थरथर जाणवली कीं तो गुणक किंचित् खालीं आणी. हवा दाट कीं विरळ, हें त्याला मोजावेंच लागत नसे. हवा संपली म्हणजे पात्यांऐवजीं नाकाशीं व पंखांच्या टोकांशीं बसविलेले हायड्रोजन पेरॉक्साइडचे झोत तो आपोआप कामाला लावी. डिसेंबर १९६१ मध्यें हें विमान प्रथम उडविलें तें नील आर्मस्ट्राँग यांनीं, ज्यांनीं पुढें चंद्रावर पाऊल ठेवलें. २२ ऑगस्ट १९६३ रोजीं जो वॉकर यांनीं याच विमानांतून ३,५४,२०० फूट, म्हणजे सुमारें ६७ मैल, उंची गांठली. त्या काळीं या नियंत्रकाची फार वाहवा झाली आणि ती अयोग्य होती असें मला वाटत नाहीं.

१५ नोव्हेंबर १९६७. मेजर मायकेल ॲडम्स यांचें एक्स-१५ मधील हें सातवें उड्डाण. विमान वर चढत असतांना पंखाच्या टोकाशीं ठेवलेल्या एका प्रयोगाच्या उपकरणांत विद्युत्-बिघाड झाला आणि त्याचा उपद्रव नियंत्रकाला पोंचला. विमान २,६६,००० फुटांवर गेलें, पण त्याचें नाक आपल्या दिशेपासून ढळूं लागलें होतें. ॲडम्स यांच्यासमोरील एक कांटा दोन निरनिराळ्या गोष्टी दाखवूं शके: कधीं विमानाचें कलणें, कधीं त्याचें बाजूला सरकणें. ते एकीच्या जागीं दुसरी वाचीत असावेत, असा चौकशी-मंडळाचा निष्कर्ष निघाला. त्यामुळें ढळलेलें नाक सांवरण्याऐवजीं अधिकच ढळलें. जमिनीवरच्या नियंत्रण-कक्षांत विमानाची उंची व वेग दिसत होते. त्याचें नाक कोठें वळलें आहे तें दाखविणारें साधन मात्र तेथें नव्हतें. सुमारें २,३०,००० फुटांवर विमान आडवें झालें आणि ध्वनीच्या पांचपट वेगानें गिरक्या घेऊं लागलें. वैमानिकानें खालीं तसें कळविलें. अशा वेगांतली गिरकी कोणीं कधीं पाहिली नव्हती, आणि तिच्यांतून सुटण्याची रीतही कोणाला ठाऊक नव्हती.

तरीही विमान गिरकींतून सुटलें. सुमारें १,२०,००० फुटांवर तें पालथें होऊन झेपावत होतें. पण वैमानिक जिवंत होता आणि सांवरावयास उंची शिल्लक होती. विरळ हवेंत गुणक अगदीं वर चढून बसला होता, आणि आतां हवा क्षणाक्षणाला दाट होत होती. नेमक्या याच प्रसंगासाठीं तो नियंत्रक घडविला होता. थरथर सुरू झाली, पण ती बारीक राहिली नाहीं. नाक जोरानें वरखालीं होऊं लागलें. पातीं हलविणारीं यंत्रें जितकीं वेगानें हलूं शकत होतीं तितकीं हलून चुकलीं, आणि या अवस्थेंत गुणक उतरविणारी यंत्रणा आपलें काम करूं शकली नाहीं. शीळ वाजत राहिली आणि कळ जागची हलली नाहीं. गुरुत्वाच्या पंधरापट ताण बसून विमान सुमारें ६५ हजार फुटांवर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर फुटलें. ॲडम्स मरण पावले. त्यानंतर एक्स-१५ ची आणखी आठच उड्डाणें झालीं, तीं पहिल्या विमानाचीं. त्यावर जुन्या धर्तीचा नियंत्रक होता.

दोष वैमानिकाचा कीं यंत्राचा, हा वाद माझ्या मतें निष्फळ आहे. २०१४ मध्यें नासानें या अपघाताचा पुन्हा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां मूळच्या विद्युत्-बिघाडाला अधिक महत्त्व दिलें गेलें. मला जें लक्षांत ठेवण्यासारखें वाटतें तें निराळें आहे. या नियंत्रकाला थरथर ओळखावयास शिकविलें होतें, परंतु आपलेच हात थकले आहेत हें ओळखावयास शिकविलें नव्हतें.

गणितज्ञांनीं या प्रश्नाचा पाठपुरावा सोडला नाहीं. स्वीडनमध्यें ऑस्ट्रॉम आणि विटेनमार्क यांनीं १९७३ मध्यें स्वतःच आपले आंकडे जुळविणाऱ्या नियंत्रकाचा निबंध प्रसिद्ध केला. कागदगिरण्यांत आणि तेलवाहू जहाजांच्या सुकाणूंवर असे नियंत्रक उपयोगीं पडले. जहाज सावकाश वळतें. त्याच्या चुका सुधारावयास अवधि मिळतो. १९८० मध्यें मात्र मोठा आनंदाचा प्रसंग आला. अशी व्यवस्था बेताल होणार नाहीं अशा सिद्धता कित्येकांनीं जवळजवळ एकाच वेळीं दिल्या. त्यांत मद्रासेस जन्मलेले आणि येल विद्यापीठांत शिकविणारे कुंपती नरेंद्र हेही होते. आपल्या देशाच्या माणसाचें नांव या यादींत पाहून मला संतोष वाटतो, हें लपवीत नाहीं.

हा आनंद दोनच वर्षें टिकला. १९८२ मध्यें रोर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, नियंत्रकाच्या हिशेबांत न धरलेलें यंत्राचें एखादें बारीकसें अंग असलें आणि बाहेरून सारखा लहानसा उपद्रव होत राहिला, तर तोच नियंत्रक शिकतां शिकतां बहकतो. सिद्धता चुकलेल्या नव्हत्या. त्यांनीं गृहीत धरलेलें यंत्र जगांत नव्हतें, इतकेंच.

दुसरी एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली, आणि ती शाळामास्तराला फार लवकर पटते. यंत्र शांत चालत असलें म्हणजे नियंत्रकाला शिकावयास कांहींच मिळत नाहीं. जो वर्ग प्रश्नच विचारीत नाहीं त्याला काय येतें तें मास्तरला कळत नाहीं. म्हणून यंत्राला मधून मधून मुद्दाम हलवून पाहावें लागतें. आणि ज्याला स्थिर ठेवावयाचें त्यालाच हलवावयाचें, हा पेंच आहे. अलीकडे यंत्राचें गणितच न मांडतां, त्याच्या वागण्याच्या नोंदींवरून थेट नियंत्रक रचण्याची पद्धति पुढें आली आहे. तिचा एक मुख्य आधार म्हणजे विलेम्स आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांचा २००५ सालचा एक छोटा निबंध. नोंदी पुरेशा असल्या तर त्यांतच यंत्राचें सर्व वर्तन सांपडतें, असें त्यांत सिद्ध केलें आहे. पण पुरेशा म्हणजे किती, याचें उत्तर तेथेंही तेंच आहे: नोंदी घेतांना यंत्र पुरेसें हलविलेलें असलें पाहिजे.

तो निबंध निघण्याच्या आदल्या वर्षीं, २००४ मध्यें, कॅलिफोर्नियाच्या त्या वाळवंटांत, विमानाचे तुकडे जेथें पडले त्या भागांत, मायकेल ॲडम्स यांचें स्मारक उभारण्यांत आलें.