जीन कोणाचं, पुसायचं कोणी?

आजची गोष्ट एका शब्दापासून सुरू करू : खोगीरभरती. कामाची नसलेली, उगाच कोंबलेली माणसं किंवा मजकूर, असा अर्थ आपण घेतो. खऱ्या खोगिराच्या बाबतीत मात्र ही भरती फार कामाची होती. ती घामानं भिजून गाठी झाली की घोड्याची पाठ सोलवटते, आणि पाठ लागलेला घोडा असला काय नि नसला काय, स्वाराला सारखाच. लढाया सांगताना आपण तलवारी मोजतो. तंग, लगाम, दुमची, रिकिबीची वादी यांची विचारपूस कोणी करत नाही. भर धावेत तंग तुटला, तर तलवार कितीही धारेची असून काय उपयोग?

शिवकाळाच्या लष्करात दोन तऱ्हेचे स्वार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार आपला घोडा आणि सामान घेऊन येई. सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था दिली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत येई. बखर तिथं दाणा, वैरण, औषधं आणि गवतानं शाकारलेली घरं यांची आठवण ठेवते. मला ही ओळ फार मोलाची वाटते, कारण आपल्याकडे चामड्याचा खरा वैरी म्हणजे पाऊस. आषाढ-श्रावणात कपाटातल्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते, ती तुम्हीही पाहिली असेल.

आता चामड्याकडे वळू. आपल्या भाषेत चामडं ‘कमावतात’. बाभळीची साल, हिरडा यांतला तुरट अंश कातड्याच्या तंतूंना धरून बसतो, म्हणून ते कुजत नाही. पण घोड्याचा घाम फक्त पाणी नसतो. त्यात मीठ असतं आणि साबणासारखा फेस काढणारं एक प्रथिनही असतं. घाम वाळला की मीठ चामड्यातच राहतं, आणि वाकवलेल्या जागी तडे जायला लागतात. म्हणून क्रम ठरलेला : आधी ओल्या फडक्यानं घाम पुसायचा, मग सौम्य साबण, सावलीत वाळवण, आणि किंचित ओल असतानाच तेलाचा पातळ हात. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलं तर चामडं आखडतं. धुण्याचा सोडा तर लांबच ठेवावा. तेल ओतलं की झालं, असंही नाही. जास्त तेलानं चामडं लिबलिबीत होतं, शिवणही सैल पडते. लोखंडी बक्कल असेल तर तिथं आणखी लक्ष हवं. ओल, लोखंड आणि तुरट अंश एकत्र आले की चामडं काळं पडतं आणि नेमकं तिथंच कमकुवत होतं.

हे सगळं ज्ञान होतं कोणाकडे? कातडं कमावणाऱ्या ढोर समाजाकडे, ते शिवणाऱ्या चांभारांकडे. त्यांनी केलेली वादी सरदाराच्या पायाखाली, घोड्याच्या पाठीवर चालायची, पण त्यांची सावली चालायची नाही. बखरी लिहिणाऱ्यांनी त्यांची नावं नोंदवली नाहीत. घोड्यांची नावं मात्र कधी कधी सापडतात.

पुढं इंग्रजांनी हिंदुस्थानी घोडदळ उभारताना शिलेदारी पद्धतच उचलली. ‘सिल्लादार’ हा त्यांचा शब्द म्हणजे आपला शिलेदारच. 1817 साली उभी राहिलेली पूना हॉर्स पुढं याच पद्धतीवर चालली. स्वार ‘असामी’ म्हणून रक्कम भरायचा आणि घोडा, जीन, सामान त्या हिशेबात असायचं. सामानाची हयगय केली तर झळ त्याच्याच खिशाला. दोन स्वारांमागे एक सईस असे, आणि जीन पुसायचं रोजचं काम बरंचसं त्याच्याकडे जाई, हे वेगळं सांगायला नको.

1857 नंतर सैन्याला चामड्याचं सामान मोठ्या प्रमाणावर लागलं. कानपुरात सरकारी जीन-साज कारखाना निघाला, कारण भोवतालच्या दोआबात बाभूळ होती, जनावरं होती आणि कातडं कमावणारे हात होते. गंमत पाहा, काडतुसाच्या चरबीवरून जिथं रान पेटलं, त्याच शहरात काही वर्षांत चामड्याचे ढीग लागले. फरक इतकाच, की काडतूस दातानं तोडायचं होतं आणि जीन बुडाखाली.

पहिल्या महायुद्धात सिल्लादारी कोसळली. परदेशी आघाडीवर स्वारानं आपल्या खर्चानं घोडा नि साज पुरवणं शक्यच नव्हतं. 1921-22 च्या फेररचनेत 39 घोडदळ पलटणींच्या 21 झाल्या आणि सामान सरकारी झालं. सगळे शिलेदार एका अर्थी बारगीर झाले.

कानपुरी जीन आज परदेशात जातं, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. जयपूरच्या 61 व्या कॅव्हलरीत अजून घोडे आहेत. आणि माथेरानला अजून घोड्यावरून फिरता येतं. तिथं गेलात तर बसण्याआधी तंगाची वादी उलटी वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर घोडेवाल्याला दाखवा आणि दुसरं जीन मागा.