हॉल, रजिस्टर आणि गेटवरचा माणूस

बारा वर्षं हॉलची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून स्मरणिकेसाठी हॉलचा इतिहास मीच लिहावा असं समितीचं म्हणणं पडलं. बुकिंगची जुनी वही काढली आणि बसलो.

आज जिथे एसी लावलाय, तिथे सुरुवातीला बिल्डरच्या उरलेल्या सिमेंटच्या गोण्या होत्या. पहिली सर्वसाधारण सभा आपण तिथे सतरंज्या टाकून घेतली. पुढे लाद्या बसल्या, पंखे आले, मग भाड्याचा विषय निघाला. बारशाला दोन तास पुरतात, त्यासाठी दिवसभराचं भाडं कशाला? म्हणून तासावर भाडं ठरलं.

तासावर भाडं म्हणजे एका दिवसात तीन-तीन कार्यं. एकदा साखरपुडा लांबला आणि पाठोपाठच्या वाढदिवसाची मंडळी आत येऊन बसली. आहेराची दोन पाकिटं भलत्याच घरी गेली, चपला तर किती बदलल्या देव जाणे! तेव्हापासून दोन बुकिंगमध्ये अर्धा तास मोकळा ठेवायचा आणि गेटवरच्या फळ्यावर यजमानांचं नाव व वेळ लिहायची, हा नियम झाला.

२६ नोव्हेंबर २००८ला मुंबईवर हल्ला झाला आणि सगळेच धास्तावले. गेटवर रजिस्टर आलं : नाव, गाडी नंबर, कोणाकडे, किती वाजता. फ्लॅटला येणाऱ्यांसाठी ते ठीक होतं. पण हॉलला पाव तासात साठ माणसं येतात. रांग रस्त्यापर्यंत जायला लागली. तेव्हा मी सेक्रेटरी. मी तोडगा काढला : यजमानांनी आदल्या दिवशी पाहुण्यांची यादी द्यायची, यादीत नाव असेल त्यालाच आत सोडायचं. सभेत टाळ्या पडल्या.

काही महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरचे काका वारले. हॉलमध्ये पाच वाजता शोकसभा होती. मुलाने कशीबशी वीस नावं लिहून दिली होती. त्या मनःस्थितीत यादी कोणाला सुचणार? मी आत खुर्च्या मांडत होतो. सव्वापाच झाले तरी निम्म्या रिकाम्या. काकूंनी हळूच विचारलं, "लोक आले नाहीत का हो?"

गेटवर गेलो. चाळीसेक माणसं उन्हात उभी. ऑफिसातले जुने सहकारी, भाजीवाला, पेपरवाला. वॉचमनच्या स्टुलावर काकांची थोरली बहीण, एसटीने आलेली, मांडीवर पिशवी. मला म्हणाल्या, "आम्हाला कोणी बोलावलं नाही बाबा. अशा वेळी बोलावतात का?"

नंतर काही जण वॉचमनवर घसरले. त्याची चूक नव्हती. नियम माझा होता, हे मी तेव्हाही सांगितलं, आज इथे लिहूनही ठेवतो.

पुढच्याच समिती बैठकीत यादी रद्द झाली. त्याऐवजी ठरलं : यजमानांच्या घरचा एक माणूस कार्य सुरू होण्याआधीपासून गेटवर वॉचमनसोबत उभा राहील. तो ओळखेल त्याला सोडायचं. ओळख पटली नाही, तर विचारपूस करून त्यानेच पाहुण्याला हॉलपर्यंत न्यायचं. रजिस्टरमध्ये फक्त डोकी मोजायची, म्हणजे हॉलच्या क्षमतेबाहेर गर्दी होत नाही. शोकसभेला समितीचाही एक जण गेटवर उभा राहतो आणि भाडं घेत नाही.

२०२० साली टाळेबंदीत हॉलला कुलूप लागलं. पुढे लग्नाला ५० आणि अंत्यविधीला २० माणसं अशी सरकारी मर्यादा आली, तेव्हा काही काळ यादी परत निघाली. तेव्हा ती गरजच होती. आता ॲप आहे. पाहुण्याच्या मोबाइलवर कोड येतो, गेटवर तो सांगितला की काम झालं. रांग नाही, वही नाही. सोय उत्तम, मीही वापरतो.

पण एसटीतून उतरून येणाऱ्या त्या आत्याबाईंकडे कोड नसणार. म्हणून गेटवरच्या माणसाची अट बुकिंगच्या फॉर्मवर अजून पहिल्या ओळीत आहे. नव्या समितीला एवढीच विनंती : फॉर्म बदला, भाडं वाढवा, ती ओळ तेवढी काढू नका.