कुत्र्या-मांजरांमधील यकृतजन्य मेंदूविकार

जेवण झाल्यावर काही वेळातच तुमचा कुत्रा गोल गोल फिरतो, भिंतीला डोके टेकवून उभा राहतो, हाकेला ओळख देत नाही आणि काही तासांनी पूर्ववत होतो. असे वारंवार घडत असेल तर मूळ दोष यकृतात असू शकतो. या आजाराला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात.

कारणे

प्रथिने पचताना आतड्यात अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. यकृत निकामी झाल्यास, किंवा जन्मतःच एखादी रक्तवाहिनी यकृताला वळसा घालून जात असल्यास, अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. जन्मदोषाची लक्षणे बहुधा लहान वयातच दिसतात. वेल्ह्यासारख्या मुसळधार पावसाच्या भागात लेप्टोस्पायरोसिसमुळेही कुत्र्याच्या यकृताला इजा होऊ शकते. बद्धकोष्ठता आणि शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे त्रास वाढतो.

लक्षणे

• सुस्ती, झोकांडी जाणे, दिसेनासे होणे
• उलट्या, वाढ खुंटणे
• मांजरांमध्ये खूप लाळ गळणे
• झटके, बेशुद्धी

आधी रेबीजची शंका घ्या

लाळ गळणे आणि वागणूक बदलणे ही रेबीजचीही लक्षणे आहेत. लस दिलेली नसेल तर विशेष जपा. प्राण्याच्या तोंडात हात घालू नका. तो चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात जा.

तपासणी व उपचार

रक्तातील अमोनिया, जेवणापूर्वी व नंतरचे पित्ताम्ल आणि सोनोग्राफी यांवरून निदान होते. लॅक्ट्युलोज हे मुख्य औषध आहे. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होईल, असा डोस डॉक्टर ठरवतात. सोबत प्रतिजैविके लागू शकतात. जन्मजात दोषावर अनेकदा शस्त्रक्रिया करता येते.

घरी काय कराल?

मटणाऐवजी अंडी, पनीर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. थोडे-थोडे, अनेकदा खायला द्या. प्रथिने पूर्ण बंद करू नका आणि मांजराला उपाशी ठेवू नका. झटका आला असताना किंवा प्राणी शुद्धीवर नसताना तोंडात दूध, पाणी, औषध ओतू नका. ते फुप्फुसात जाऊ शकते. घरातले पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरासाठी एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

कुठे जाल?

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर विचारा. पुढील तपासण्यांसाठी नसरापूरमार्गे शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. झटके थांबत नसतील किंवा प्राणी शुद्धीवर येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. शक्य असल्यास झटक्याचा व्हिडिओ काढून ठेवा आणि त्याआधी काय खाल्ले होते ते डॉक्टरांना सांगा.