गावठी कोंबडी : परसातील दुहेरी मिळकत

खानदेशात परसातील गावठी कोंबडी अंडी व मांस या दोन्हींसाठी पाळली जाते. वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देणारी ही कोंबडी खुडूक बसून २१ दिवसांत पिले उबवते व त्यांचा सांभाळही करते. ‘गिरिराज’सारख्या सुधारित जाती अंडी अधिक देतात, मात्र त्या सहसा खुडूक होत नसल्याने पिले विकत आणावी लागतात. २००६ मध्ये नवापूरपाठोपाठ जळगाव जिल्ह्यातील काही गावांत बर्ड फ्लू आढळला. तेव्हा परसातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि त्यांच्यासोबत घरचे बियाणेही गेले. मानमोडी अर्थात राणीखेत रोग टाळण्यासाठी पहिल्या आठवड्यात ‘लासोटा’ व सहा ते आठ आठवड्यांच्या वयात ‘आर-टू-बी’ लस द्यावी.