चिनी पारंपरिक वैद्यकातील पुष्पजन्य सुगंधी तेले

पुष्पजन्य सुगंधी तेले म्हणजे फुले किंवा फुलांच्या कळ्या यांपासून मिळवलेली बाष्पनशील तेले होत. चिनी पारंपरिक वैद्यकाच्या काही आधुनिक उपचारकांकडून ती ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर लावण्यासाठी, मर्दनासाठी व हुंगण्यासाठी वापरली जातात. या वैद्यकात फुलांचा औषधी वापर प्राचीन आहे. बाटलीबंद तेलांचा पद्धतशीर वापर मात्र विसाव्या शतकातील आहे.

फुलांचा पारंपरिक वापर

ली शिजेन (१५१८–१५९३) यांच्या १,८९२ द्रव्यांची नोंद असलेल्या 'बेन्साव गांगमू' या ग्रंथात अनेक फुलांचा समावेश आहे. प्रत्येक द्रव्याचे वर्णन रस, उष्ण-शीत प्रकृती आणि ते ज्या इंद्रियांवर कार्य करते त्यांनुसार केले जाते. लवंग ही कळी तिखट व उष्ण मानून उचकी आणि उलटीसाठी, मॅग्नोलियाची कळी चोंदलेल्या नाकासाठी, शेवंती डोळ्यांची लाली व डोकेदुखीसाठी, तर हनिसकल ताप व घसादुखीसाठी देतात. गुलाबाची कळी यकृतातील 'ची' (जीवनशक्ती) मोकळी करते, असे मानले जाते. ही फुले प्रायः वाळवून त्यांचा काढा करतात. उकळताना सुगंध उडून जाऊ नये म्हणून काही सुगंधी द्रव्ये शेवटी घालण्याची प्रथा आहे.

फूल आणि तेल यांतील फरक

बहुतेक तेले बाष्प ऊर्ध्वपातनाने काढतात. एक किलोग्रॅम गुलाबतेलासाठी साधारणतः ३,००० ते ५,००० किलोग्रॅम फुले लागतात. मोगरा व जाई यांचा नाजूक सुगंध उष्णतेने बिघडतो. त्यामुळे त्यांचा अर्क बहुधा द्रावकाच्या साहाय्याने काढला जातो. शेवंती व हनिसकल यांतील क्लोरोजेनिक आम्लासारखे पाण्यात विरघळणारे घटक काढ्यात येतात, परंतु वाफेबरोबर तेलात येत नाहीत. म्हणून काढ्याचे ग्रंथोक्त गुण त्याच फुलाच्या तेलाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

'अरोमाथेरपी' ही संज्ञा फ्रेंच रसायनज्ञ रेने-मॉरिस गातफॉसे यांनी १९३७ च्या ग्रंथातून रूढ केली. पुढे पाश्चात्त्य उपचारकांनी तिची चिनी बिंदू व मेरिडियन यांच्याशी सांगड घातली. 'ची' व मेरिडियन यांचे अस्तित्व आधुनिक शरीरशास्त्राने सिद्ध केलेले नाही.

महाराष्ट्र आणि ठाणे परिसर

१९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) होते. त्याच पथकातील बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम असून उपचारकांच्या नोंदणीसाठी परिषद आहे. हा अधिनियम ॲक्युपंक्चरपुरता आहे. चिनी औषधी वैद्यक किंवा सुगंधोपचार यांचा केंद्राच्या आयुष पद्धतींत समावेश नाही. त्यामुळे ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली येथे उपचार घेणाऱ्यास उपचारकाची ॲक्युपंक्चर नोंदणी तपासता येते, मात्र ती नोंदणी तेलाच्या गुणवत्तेची वा परिणामाची हमी नसते.

कल्याणच्या फूल बाजारात विकला जाणारा मोगरा व चीनमध्ये चहाला सुगंध देण्यासाठी वापरले जाणारे फूल यांची वनस्पती एकच आहे. तथापि पूजेसाठी किंवा शोभेसाठी पिकवलेली फुले औषधी प्रतीची समजली जात नाहीत. ठाण्याला लागून असलेल्या मुलुंडमधील एस. एच. केळकर आणि कंपनी (स्थापना १९२२) सुगंधद्रव्यनिर्मितीसाठी ओळखली जाते. तथापि अत्तर किंवा सुगंधद्रव्य म्हणून बनवलेला पदार्थ उपचाराचे तेल ठरत नाही.

सुरक्षितता

तेले अतिशय तीव्र असल्याने खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सौम्य करूनच त्वचेवर लावतात. लवंग तेलात युजेनॉलचे प्रमाण फार असते. त्यामुळे त्याचे त्वचेवरील प्रमाण सुमारे ०.५ टक्क्यापेक्षा अधिक नसावे, अशी शिफारस आढळते. ते लहान मुलांनी गिळल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते. तेले ज्वलनशील असल्याने मोक्सा, म्हणजे दवण्याच्या कुळातील वनस्पती जाळून शेक देण्याच्या उपचारावेळी, ती त्वचेवर लावणे धोक्याचे ठरते. गर्भवती स्त्रिया, दम्याचे रुग्ण आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते. ताप, तीव्र वेदना किंवा धाप यांसाठी तेलावर विसंबून वैद्यकीय तपासणी लांबवणे घातक ठरू शकते.